आधी पाय, मग नाव

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. मला आजवर एक ढब्बू पैसाही दिसलेला नाही. मिळाला तो उजवा लंगडा पाय.

आमच्याकडे मुलीचे पाय बघतात ते थेट लग्न ठरवताना, चार पावलं चालवून. पाळण्यात कुणी बघत नाही. मला तर चालवलंही नाही, कारण नवरदेव बिजवर होते आणि घाई दोन्हीकडे होती. अशी मी धारहून देवासला आले. एका गावात दोन राजे. त्यांचं आपसात जेवढं पटे तेवढंच माझ्या दोन पायांचं.

तिथं एकदा एका डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला. म्हणाल्या, खुब्याचं हाड जन्मापासूनच खोबणीबाहेर आहे, आता इलाज नाही. पाळण्यात असताना कुणी पाहिलं असतं, तर पाय फाकवून ठेवून जागेवर बसवता आलं असतं. पायाळू मुलींत हे फार आढळतं, असंही म्हणाल्या आणि कसं बघायचं ते दाखवलं. घरी येऊन मी खूप रडले, मग भयंकर चिडले.

त्याच वर्षी धारला दादाला मुलगी झाली. पायाळू! घरात कोण कौतुक! बारशाला पोचले तो बाळ गळ्यापासून टाचेपर्यंत दुपट्यात करकचून गुंडाळलेलं. कानात नाव आत्यानंच सांगायचं, म्हणून बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला हात सरसावून उभ्या. मी म्हटलं, "आधी हिला सोडा. पाय बघीन, मग नाव."

"बाईसाब, छोरी के ठंड लागी जायगी!" मोलकरीण ओरडली.

"भरल्या बारशात हे काय आरंभलंस?" आई म्हणाली. "गावभर होईल. कोण करील हिला?"

"मला नाही का केलं कुणी?"

"मुकाट्यानं नाव सांग!" दादा गरजला.

"तूच सांग. हो आत्या."

तेवढ्यात वहिनी उठली. माझ्यापुढे कधी तोंड न उघडणारी ती, तिनं स्वतःच दुपटं सोडलं. मी बाळाचे गुडघे दुमडून मांड्या हळूच उघडल्या. डावी सहज टेकली. उजवी अर्ध्यातच अडली. मी वहिनीचा हात धरून तिलाही ते दाखवलं. नाव सांगितलं, धपाटे जरा जोरातच बसले.

सव्वा महिना होताच दादानं तोंड फुगवून देवासला गाडी आणली. डॉक्टरीणबाईंनी पायांमध्ये कापडाची जाड घडी बांधून दिली आणि गुंडाळणं बंद केलं. कित्येक महिने पोर बेडकासारखी पडलेली असे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आत्याचं खूळ.

पोर चार वर्षांची झाल्यावर मी पुन्हा धारला गेले. अंगणातून चालताना मागं बायका खुसखुसल्या. वळून बघते तो पोर एका बाजूला झुकत, पाय ओढत येतेय. मी पाहिलं हे कळताच ती खिदळली आणि सरळ पायांनी धूम पळाली.

"आत्याच्या चालण्याची चेष्टा करतेस?" दादानं हात उगारला.

मी तो धरला. मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"करू दे रे तिला. नक्कल करावी लागतेय."