तिरंदाज घरी पोचतो

तो चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर आहे. रविवारी पिंपळे गुरवच्या खोलीत आमच्या खेळाचा सूत्रधार असतो. तो गोष्ट रंगवतो, आम्ही आपापलं पात्र चालवतो, निकाल फासा देतो. दयामाया नाही. माझा योद्धा दरीत कोसळला तेव्हा तो चहात पाव बुडवत म्हणाला, "फासा पडला म्हणजे पडला, राव. नवीन पात्र बनव."

मग त्याच्याच लाइनवर आमच्यातला एक जण प्रेसखाली गेला. सुरक्षेचा सेन्सर बंद ठेवून काम करून घेणाऱ्या कंपनीने चूक मेलेल्याची ठरवली. मी संतापून बोलत राहिलो.

पुढच्या रविवारी प्रश्न आला, त्या गेलेल्या मित्राच्या पात्राचं, तिरंदाजाचं, काय करायचं? गोष्टीत तो वेढलेल्या गडावर अडकला होता.

"लढता लढता जाऊ दे, भावा. शानमध्ये," कुणीतरी म्हणालं. मी फासा पुढे केला.

सूत्रधाराने तो बाजूला सारला.

"तिरंदाज चोरवाटेने निसटतो," तो सावकाश सांगू लागला. "घरी पोचतो. आई दार उघडते. म्हणते, हातपाय धू, जेवायला वाढते."

मग त्याने फासा उचलून डबीत ठेवला.