तीनशे सत्तेचाळीस रुसलेले

"ते गेलेले नाहीत म्हणतेय ना मी!"

"काकू, खोडलेले आहेत. प्रत्येकाच्या नावाआधी फुली आहे."

"फुलीला काय कळतंय माणसातलं? जुन्या फाइलीत सहा हजार पाचशे एकोणसाठ गिऱ्हाइकं होती. तुझ्या नव्या फाइलीत सहा हजार दोनशे बारा. माझी तीनशे सत्तेचाळीस माणसं कुठे गिळलीस?"

बदलीवाल्याने कपाळाला हात लावला. जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाइली नव्या रूपात आणून द्यायच्या, हा त्याचा धंदा. म्हणून तो बदलीवाला. या चष्म्याच्या दुकानातलं जुनं मशीन संध्याकाळी भंगारात जाणार होतं. नव्या फाइलीत जे आलं ते राहिलं, बाकीचं गेलं.

आणि काकू सव्वीस वर्षं त्या मशीनपुढे बसलेल्या. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, तिसरा शोधत असायच्या. गिऱ्हाइकाने दारात पाय ठेवला की नाव विचारायच्या आधी, "डावा पावणेदोन, उजवा दोन. अजून मान वाकडी करूनच वाचता का हो?" कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तेव्हा मात्र त्यांनी आठवडाभर त्याच्यावर उशीचा अभ्रा घालून ठेवला होता. आपल्याकडे बघतोय असं वाटायचं म्हणे.

त्या जुन्या प्रोग्रॅमची एक खोड होती. नाव खोडलं तरी ते फाइलीतून जात नसे. नावाआधी नुसती फुली पडायची आणि नाव यादीत दिसेनासं व्हायचं. तेच बटण पुन्हा दाबलं की फुली गायब, माणूस हजर. हे बटण नाव टाकून देण्यासाठी आहे, असं काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. फ्रेम वाकडी निघाली, चष्मा उशिरा मिळाला, 'माझ्या नाकाला हसलात' असं काहीबाही म्हणून जो तणतणत गेला, त्याच्यावर काकू फुली मारत.

"रुसलेत रे ते!"

"काकू, त्या बटणाचं नावच 'डिलीट' आहे."

"असेल तुझ्या घरी. माझ्याकडे तो रुसवा आहे. परत आला की काढायचा."

"आणि येतात परत?"

"मागच्या महिन्यात चार आले. एक बाई तर अकरा वर्षांनी. म्हणाली, नंबर काढा. मी म्हटलं, आधीचा सांगू? खुर्चीत बसल्या बसल्या हसायलाच लागली."

बदलीवाल्याने फुलीवाल्या नावांची यादी उघडली. फुलीवाली नावं त्याचा प्रोग्रॅम आपोआप गाळायचा. इतक्या वर्षांत, इतक्या दुकानांत, त्याने ती कधी उघडून पाहिली नव्हती.

"बरं, वेगळा रकाना करतो. नाव काय देऊ? 'स्थिती'?"

"स्थिती काय, दवाखान्यात आहेत का ते? 'रुसलेले' लिही."

"त्यात काय भरू? हो किंवा नाही?"

"हो, नाही, आणि थोडे."

"थोडे म्हणजे?"

"बायको येते, नवरा येत नाही."

तो खो खो हसला. तेवढ्यात आतल्या तपासणीच्या खोलीतून मालक बाहेर आले.

"ताई, अजून चाललंच आहे का? जे येत नाहीत त्यांना कशाला ओढताय? सोडा ती फुलीवाली नावं."

बदलीवाल्याचा हात बटणावरच थांबला. काकूंनी नाकावरचा चष्मा सारखा केला.

"एक ओळ वाचते, मालक. मग म्हणाल तसं. उजवा उणे साडेतीन, डावा उणे चार. काळी जाड फ्रेम. शेवटची तपासणी नऊ वर्षांपूर्वी. नाव वाचू?"

मालकांचा आवाज खाली आला. "आमचा दादा यात कशाला आहे? त्याचं नाव दुकानात नको म्हणालो होतो मी."

"म्हणालात. म्हणून फुली मारली. तुम्हाला वाटलं खोडलं. मी रुसवा लावला होता. दोघांच्या वतीने."

"नऊ वर्षं तोच चष्मा असेल, तर त्यांना आता बसची पाटीही वाचता येत नसेल," बदलीवाला बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मग?" काकूंनी विचारलं. "घ्यायचे का सोडायचे?"

मालक आत गेले. नंबर तपासायच्या भिंगांची लाकडी पेटी काखेत मारून बाहेर आले, चपला पायात सरकवल्या आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.