निळ्या रंगावरचे ओरखडे

काशीतल्या दूधविनायकच्या ज्या गल्लीत माझे बालपण गेले, तिथे चाके असलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे सायकल. हातगाडीसुद्धा वळणावर अडकत असे आणि मग दोन्हीकडच्या लोकांत भांडण जुंपत असे. त्यामुळे दारात मोटार उभी असणे ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या विचारातही नव्हती. निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या पलीकडे, जिथे रस्ते रुंद आहेत, तिथे आम्ही घर बांधले. खाली आम्ही दोघे, वर भाडेकरूंसाठी दोन खोल्या आणि समोर एका गाडीपुरता पोर्च. गाडी घेतली ती गडद निळी. हा रंग निवडू नये, असे मी आता कोणालाही सांगेन. पांढऱ्या गाडीवर जे खपून जाते, ते गडद रंगावर तिरप्या उन्हात लपत नाही.

गाडी मी स्वतः धुतो. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवल्यामुळे कोणतेही काम क्रमाने करण्याची सवय हाडात मुरली आहे. गाडी धुण्याला दोन बादल्या लागतात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. एक पत्रा पुसून झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. आमच्या भागात रस्ता सतत कोणीतरी खोदत असते. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती हातमोज्यात राहिली तर आपण गाडी धूत नसून घासत असतो. धुवायचे टपापासून खाली. चाकांचा ब्रश आणि चाकांचे फडके पूर्णपणे वेगळे, कारण चाकांवर ब्रेकची लोखंडी पूड बसलेली असते. आमच्या बोअरिंगच्या पाण्यात क्षार फार. ते पाणी उन्हात सुकले तर पांढरे ठिपके पडतात, म्हणून ऊन येण्यापूर्वी जाड, मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने सारे पाणी टिपून घ्यायचे. शेवटी बोटभर वॅक्स, तेही सरळ रेषेत, गोल गोल नव्हे.

समोरच्या घरातले गृहस्थ पानाचा तोबरा सांभाळत हा सोहळा पाहत असत. "मास्टर साहब, ई गाड़ी हौ कि दुलहिन?" असे ते दर वेळी विचारीत आणि स्वतःच हसत.

त्यांच्यावरही माझा एकदा संशय गेला होता. पुढच्या चाकांच्या चकाकत्या पत्र्यावर तांबूस तपकिरी ठिपके दिसू लागले. ते ठिपके आणि समोरचे पान यांचा संबंध जोडायला मला फार विचार करावा लागला नाही. त्यांच्याशी मी काही दिवस मोजकेच बोललो. पुढे दुकानातून चाकांसाठीचा एक फवारा आणला. लोखंडाचा कण लागला की त्याचा रंग जांभळा होतो. फवारताच प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळे पाणी ओघळले. म्हणजे ती ब्रेकची पूड होती, गंजलेली. मी पुन्हा त्यांच्याशी पूर्ववत बोलू लागलो. आपण मधल्या काळात बोलत नव्हतो, हे त्यांच्या लक्षात तरी आले होते की नाही कोण जाणे.

वरच्या मजल्यावर आषाढात नवे बिऱ्हाड आले. तो रेल्वेत, मूळचा भुसावळकडचा; बायको आणि एक लहान मुलगी. घरात मराठी बोलणारे भाडेकरू मिळाले म्हणून आम्हा दोघांना आनंदच झाला. आमचे मराठी काशीच्या पाण्यात भिजलेले. बोलता बोलता मी 'चाभी' म्हणतो, 'सामान उतरवून घ्या'च्या जागी 'सामान उतारून घ्या' म्हणतो. त्यांचे बोलणे ऐकताना कान धुऊन निघत. त्याला बहुधा रात्रपाळी असे. मुलीची शाळा मागच्याच रस्त्यावर होती, त्यामुळे तो झोपलेला असतानाही तिची आई तिला पायी सोडून येऊ शकत असे. ही जागा त्यांनी घेतली होती ती मुख्यतः एवढ्यासाठीच.

त्याची स्कूटर पोर्चमध्ये माझ्या गाडीशेजारी उभी राहू लागली.

श्रावणातल्या एका सकाळी पाऊस उघडला आणि तिरपे ऊन बॉनेटवर पडले, तेव्हा मला ते ओरखडे प्रथम दिसले. अतिशय बारीक, केसासारखे, एकमेकांना समांतर. मी मोबाइलची बॅटरी लावून पाहिले. दारांवर होते, टपावरही होते. चाकांवर मात्र एकही नव्हता. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून विचार करायला हवा होता. मी स्कूटरकडे पाहिले.

फरशीवर मी खडूने एक रेघ मारली. स्कूटरचे हँडल त्या रेघेच्या अलीकडे आले तर गाडीला लागू शकते, असा हिशेब होता. पुढचे बरेच दिवस रोज सकाळी मी ती रेघ तपासली. स्कूटर एकदाही अलीकडे आली नाही. उलट त्याने ती रेघ पाहून स्कूटर आणखी भिंतीकडे सरकवलेली दिसली. यावरून मी निष्कर्ष काढला की त्याला काहीतरी ठाऊक आहे.

मग माझे लक्ष वर गेले. त्याची बायको गॅलरीतून चटया झटकत असे. खडे पडत असतील. मी पेपर घेऊन अंगणात बसू लागलो, म्हणजे एक डोळा पेपरात आणि एक गॅलरीत. तिने एकदा वरून विचारलेही, "काका, उन्हात का बसलात? आत पंखा नाही का चालत?"

"चालतो, चालतो," मी म्हणालो. "मोकळ्या हवेत वाचलेलं लक्षात राहतं."

ओरखडे मात्र वाढतच होते. प्रत्येक धुण्यानंतर थोडे अधिक. वॅक्सने ते दोन दिवस झाकले जात आणि पुन्हा वर येत. समोरच्या गृहस्थांना मी एकदा सहज म्हणून सांगितले. त्यांनी पान बाजूला सारले आणि गंभीरपणे म्हणाले, "किरायेदार को गाड़ी के पास फटकने मत दीजिए, मास्टर साहब. गाड़ी देखके सबका जी जरत हौ." मला तेव्हा हे वाक्य फार समंजस वाटले.

गणपतीच्या आधी मी भाडेकरूला जिन्यात थांबवले आणि सांगितले की, माझा एक पुतण्या नोकरीसाठी इकडे यायचा आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत दुसरी जागा पाहिलीत तर बरे होईल. तो "हो सर," एवढेच म्हणाला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा चेहरा तसाही उतरलेलाच असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

इथे माझ्या पत्नीच्या नेमाबद्दल सांगितले पाहिजे. चातुर्मासात ती रोज सकाळी दाराशी गोपद्मे काढते. गाईच्या पावलांचे ते रांगोळीचे ठसे तिच्या आईकडून तिच्याकडे आले. या शहरात बायका चौक काढतात तो पिठाचा. तिला तो चालत नाही. पिठाला मुंग्या लागतात आणि रेघ जाड येते, असे तिचे मत. त्यामुळे महाराष्ट्रातून काशीयात्रेला कोणी नातेवाईक येणार असले की त्यांना आधी फोन जातो: येताना रांगोळी आणा. ही रांगोळी म्हणजे दगडाची पूड. पांढरीशुभ्र, बोटांतून पाण्यासारखी सुटणारी.

नवरात्रात एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, तुमचं ते पोर्चातल्या दोरीवरचं मऊ फडकं आहे ना, तसं आणखी एक आणा."

"कशाला?"

"वरच्या सुनबाईला द्यायला. जाण्यापूर्वी काहीतरी हातात ठेवायला नको? ती परवा म्हणत होती, किती मऊ आहे म्हणून. आणि मलाही इतकं सवयीचं झालंय ते. रांगोळी काढून झाली की बोटं पुसली, एक कण राहत नाही हाताला."

माझा घास हातातच राहिला.

"रोज पुसतेस?"

"रोज म्हणजे काय, एकादशीपासून. का? तुमचं तरी ते काय सोवळ्यातलं आहे?"

मी उठून पोर्चमध्ये गेलो. फडके पांढरे, रांगोळी पांढरी. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. ते मी पाटीवर झटकले. घरात मुलांच्या शिकवणीसाठी ठेवलेली काळी पाटी होती. तिच्यावर बारीक चमकती पूड पडली. ती बोटाने पाटीवर घासली तर पाटीवरही रेघा उमटल्या. गाडीचे पाणी टिपताना मी हेच फडके बॉनेटवर, दारांवर, टपावर सरळ रेषेत फिरवत होतो, आणि म्हणूनच ओरखडे समांतर होते. चाकांचे फडके मागच्या अंगणात वाळत असे. तिथे रांगोळी नसते. बिऱ्हाड आषाढात आले होते आणि नेमही आषाढातच सुरू झाला होता. मी त्यांतली एकच गोष्ट पाहिली होती.

पत्नी माझ्या मागे येऊन उभी होती. वरच्यांवरचा माझा संशय तिला ठाऊक होता; पाटी पाहून तिला सारे कळले. ती इतकेच म्हणाली, "मग आता वर जा. मी नाही येणार."

भाडेकरू नुकताच झोपून उठला होता. दार त्याच्या बायकोने उघडले. मी उभ्यानेच सांगून टाकले की पुतण्या येणार नाही, तुम्ही जागा सोडू नका.

ती हसली नाही. "काका, पुतण्या येणारच नव्हता. मी काकूंना विचारलं होतं, त्याला जेवायला काय आवडतं म्हणून. काकू म्हणाल्या, कोण पुतण्या?"



"आम्हाला वाटलं, अंड्यांमुळे," नवरा म्हणाला. "काकूंचा चातुर्मास, त्यात आम्ही अंडी करतो. वास खाली येत असेल. म्हणून गणपतीपासून आम्ही अंडं घरात आणलंच नाही. पोरगी रोज मागते."

"आणि हे खिडक्या लावून उदबत्ती लावायचे," ती म्हणाली. "जुना वासही जावा म्हणून."

मग मला ओरखड्यांचे सांगावे लागले. रेघेचे, गॅलरीचे, साऱ्याचे. दोघे माझ्याबरोबर खाली आली. तिने बॉनेटकडे पाहिले, वाकून पाहिले, बाजूने पाहिले.

"कुठे आहेत?"

मी बॅटरी लावून तिरपी धरली.

"हे?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, हे बघायला टॉर्च लागतो! यासाठी आपण चार ठिकाणी जागा बघत फिरलो?"

त्याने त्या निळ्या पत्र्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "सर, एका जागेचं जवळजवळ ठरलंय. तिथून शाळेला रिक्षा लागेल, पण मालक दूर राहतो." शेवटचे शब्द त्याने सावकाश उच्चारले. "आम्ही बोलून ठरवतो."

"जरूर," मी म्हणालो. त्यावर आणखी काही बोलण्याचा मला अधिकार नव्हता. एखाद्या माणसावर नजर ठेवली की त्यालाही ते जाणवत असते. ते जाणवणे पुसण्याचे रसायन कोणत्याही दुकानात मिळत नाही.

ते दोन दिवस घरात विचित्र गेले. वरून पावलांचे आवाज येत, बोलण्याचे येत नसत. सामान बांधतात की काय, या विचाराने मी छताकडे कान लावी आणि मग आपण पुन्हा तेच करतो आहोत हे ध्यानात येऊन रेडिओ लावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्नी गोपद्मे काढत होती. मी पायरीवर बसलो होतो. वरच्या खिडकीचे दार उघडल्याचा आवाज झाला. मग तव्यावर काहीतरी चर्र झाले आणि कांद्याचा, त्यामागोमाग अंड्याचा खमंग वास जिन्यातून सरळ खाली आला. वरून मुलीचे खिदळणे ऐकू आले.

चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी माझी पत्नी क्षणभर थांबली. तिने वर पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"राहतायत," ती म्हणाली, आणि पुढचे पाऊल काढू लागली.