चर्चच्या फ्रिजमधली सफरचंदं

थोरा हॉगन कुणावरही विश्वास ठेवत नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. कारखान्याने गावात पाण्याचे फिल्टर वाटले तेव्हा आम्ही सगळे खूश. ही एकटी म्हणाली, "फुकट का देतायत ते आधी विचारा." विचारलं, तर पाणी त्यांनीच नासवलेलं निघालं, आणि मग आम्हाला रस्त्यावर उतरावं लागलं.

तिच्या अंगणात आजीने लावलेली पांढरी पिओनी आहे. भरगच्च फूल, आत रक्त शिंपडल्यासारखे दोन-तीन लाल ठिपके. आमच्या मिनेसोटात ती जूनच्या सुरुवातीलाच फुलते आणि फुलांचं प्रदर्शन असतं महिनाअखेर. म्हणून कळी कानाच्या पाळीइतकी मऊ लागली की कापायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि कोरडीच फ्रिजमध्ये निजवायची. थोराचा फ्रिज बिघडला, म्हणून यंदा कळ्या चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये गेल्या. गेल्या वर्षी पांढऱ्या फुलांचा करंडक गावातल्याच आर्डिसने नेला होता. तो थोराला परत हवा होता.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी फ्रिज उघडला, तर कळ्यांना खेटून पिशवीभर सफरचंदं. सफरचंदातून सुटणाऱ्या वायूने कळी आतल्या आत मरते, हे इथे फुलं लावणाऱ्या कुणालाही विचारा.

"आर्डिसच," थोरा म्हणाली.

"अगं, कुणीतरी ॲपल पाय करायला ठेवली असतील."

"जूनमध्ये? दारोदार रुबार्बचे आंबट देठ फुकट मिळतायत, आणि पाय सफरचंदाचा?"

मुद्दा बिनतोड होता.

कोमट पाण्यात कळ्या अर्ध्याच उमलल्या, कडा तपकिरी. तरी त्यातली बरी निवडून थोराने ती दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात हट्टाने मांडली. शेजारी आर्डिसचं फूल. तेही अर्धवट, तेही तपकिरी.

"झालं समाधान?" आर्डिस म्हणाली. "माझ्या कळ्या त्याच फ्रिजमध्ये होत्या, खालच्या खणात."

"तुझ्या घरी फ्रिज आहे ना?"

"नातवंडं आलीत. दार मिटतच नाही त्याचं. आणि तू कशाला गेलीस तिथे?"

"माझा बिघडलाय."

"सोयीचा बिघडला."

तेवढ्यात निकाल लागला. पहिला टोइवो, शाळेची बस चालवायचा तो. त्याची पिओनी भिंतीच्या सावलीत उशिरा फुलते. फूल त्याच सकाळी कापलेलं, टवटवीत.

थोरा बराच वेळ ते फूल बघत होती.

"चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली कुणाकडे असते गं?"

"त्याच्या बायकोकडे," आर्डिस हळूच म्हणाली.

दोघी टोइवोचं अभिनंदन करायला निघाल्या. मीही गेले. मला त्याच्या बायकोचा चेहरा बघायचा होता.