पट्टीतलं बोट

गुलमंडीतल्या दुकानात कापडाचा ताका घसरला. तो सावरायला मी हात घातला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मुडपलं. दुखलं फारसं नाही. टोक फक्त खाली लोंबायला लागलं. मी शेरवानीच्या कॉलरला हातशिलाई करणारा शिंपी. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची लोखंडी टोपी, याच बोटात चढते. टोक ताठ राहिलं नाही तर माझं काम संपलं.

उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी बोटाला प्लास्टिकची पट्टी बांधली. "सहा आठवडे. अंघोळीत, झोपेत, कधीच टोक वाकू द्यायचं नाही. एकदा जरी वाकलं तरी पहिल्यापासून मोजायचं."

मी मुळातच तापट. त्या पट्टीत बोट कसलं, मीच कोंडलो होतो. शर्टाची बटणं बायको लावायची, भाकरी तीच चुरून द्यायची. रोज संध्याकाळी माझं बोट टेबलावर सपाट दाबून धरायची आणि पट्टी पुसून परत बांधायची. मी तिच्यावरच खेकसायचो. ती म्हणायची, "वरडा, पण हलू नका."

पाचव्या आठवड्यात भाचीच्या सासरी पडेगावला जेवण होतं. पुरुषांची पंगत अंगणात, बायका आत. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली आणि मी चमचा मागितला. भाचीचे सासरे अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय पाव्हणं, आमच्या येसराला चमचा? हातानं खायची लाज वाटती व्हय?"

सगळे हसले. मी मुलीचा मामा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कान तापले. बोटावरचा चिकटटेप ओढून पट्टी काढली, खिशात कोंबली आणि भाकरी कचाकचा चुरली. टोक वाकलं ते मला तिथंच कळलं. तरी आमटी दोनदा मागून घेतली.

हात धुऊन पट्टी पुन्हा चढवली. बायको टोक दाबूनच धरायची, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचीच लाज वाटायला लागली.

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी पट्टी काढून हात उचलायला सांगितला. टोक लोंबलं.

"मध्ये काढली होती का? काढली असेल तर पुन्हा सहा आठवडे बांधू, सरळ व्हायला अजून वाव आहे. पण न काढता असं राहिलं असेल तर पट्टीचा उपयोग नाही."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायको बोलली, "नाय हो डॉक्टरसाहेब, एक दिवस बी नाय. मी माझ्या हातानं लई जपलंय." तिचे डोळे भरले होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही काढली," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.