गॅलरी दाखवायची नाही

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि निरोप पोचवायला मी होते. "मामाला विचार, अजून भात हवा का," आई म्हणायची. मामा समोरच बसलेला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. मी विचारायचे, "मामा, भात हवा का?" तो ताटात बघत म्हणायचा, "नको म्हणावं." मग मी आईकडे वळून सांगायचे, "नको म्हणतोय." आई काही बहिरी नव्हती, पण पद्धत म्हणजे पद्धत. सुरुवातीला मला रडू यायचं. मग चीड यायला लागली. नंतर सवय झाली, आणि ते सगळ्यात वाईट झालं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमचे बाबा लवकर गेले, तेव्हा तो 'थोडे दिवस' म्हणून वरच्या खोलीत राहायला आला आणि राहूनच गेला. लग्न केलं नाही. कुणी फारच मागे लागलं की म्हणायचा, "दिवसभर एवढ्या लोकांची भांडणं बघतो, घरी आणखी कशाला?" तो सरकारी वाहिनीचा कॅमेरामन होता आणि वाहिनीनं त्याला विधिमंडळाच्या सभागृहात नेमलं होतं. अधिवेशन चालू असलं की सकाळी काळा शर्ट, काळी पँट आणि रबरी तळव्यांचे बूट घालून निघायचा. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसता कामा नये आणि त्याच्या पायांचा आवाज होता कामा नये, असा तिथला दंडक. तासन्‌तास न हलता उभा राहायचा म्हणून सोबतचे त्याला 'खांब' म्हणत. घरी मात्र हा खांब एका जागी टिकायचा नाही. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात चार चकरा मारायचा आणि आईची बोलणी खायचा.

कामकाज दाखवण्याच्या नोकरीत निम्मं काम न दाखवण्याचं असतं, हे त्याच्याकडूनच आम्हाला कळलं. डुलक्या काढणारा सदस्य दाखवायचा नाही. रिकामे बाक दाखवायचे नाहीत. चार टाळकी जिथं बसली असतील तिथंच कॅमेरा रोखायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं सभागृह ओसंडून वाहतंय. गोंधळ झाला की कॅमेरे अध्यक्षांवर न्यायचे आणि तो शमेपर्यंत तिथंच ठेवायचे. आणि वरच्या प्रेक्षक गॅलरीत काहीही होवो, आरडाओरडा होवो की कुणी चक्कर येऊन पडो, गॅलरी दाखवायची नाही.

माझ्या दादाला हे नियम भारी आवडायचे. आईनं माझ्या मार्कांवरून तोंड सोडलं की तो ओरडायचा, "गोंधळ, गोंधळ! अध्यक्षांवर घ्या!" लगेच मामा मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे गंभीर चेहऱ्यानं बघत बसायचा. आई हातातला झारा उगारायची आणि हसायची. आमच्या घरात हसणं होतं ते मुख्यतः त्या दोघांमुळे.

दादा सरकारी तंत्रशाळेत शिकायला गेला, परगावी. तिथल्या वसतिगृहाचं छत एका पहाटे खाली आलं. तो गेला आणि त्याच्या खोलीतली आणखी काही मुलं गेली. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मला ते अजूनही जमत नाही.

चौकशी नेमली गेली. चौकशीचा अहवाल तयार झाला आणि कपाटात जाऊन बसला. छत कुणी बांधलं, कुणी तपासलं, धोक्याचं आहे हे कुणाला आधी माहीत होतं, सगळं म्हणे त्यात होतं. तो अहवाल सभागृहात मांडल्याशिवाय आम्हाला बघायला मिळणार नव्हता आणि सरकार तो मांडत नव्हतं. आईला भरपाईत रस नव्हता. "चूक कुणाची ते कुणीतरी तोंडानं म्हणावं," एवढंच तिचं मागणं होतं. ती या खात्यातून त्या खात्यात गेली, या साहेबाकडून त्या साहेबाकडे गेली. सगळे अदबीनं बसायला सांगत आणि सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवत.

शेवटी एका सदस्यानं प्रश्न विचारला आणि तो प्रश्नोत्तराच्या तासाला लागला. त्या सदस्याकडूनच मामानं आईसाठी गॅलरीचा पास मिळवला. आदल्या संध्याकाळी तो तिला बजावत होता. "ताई, तिथं बोलायचं नाही हं. उठायचंही नाही. बोललीस तर बाहेर काढतील, आणि दिसणार तर काहीच नाही."

"मी कशाला बोलू? मला फक्त ऐकायचंय," आई म्हणाली.

"माझा कॅमेरा तुझ्या बरोब्बर समोर असतो, खाली. भीती वाटली तर माझ्याकडे बघ."

मी घरी टीव्हीसमोर बसले होते. प्रश्न आला. मंत्री उठले, कागद नीट केला आणि वाचलं, "अहवाल विचाराधीन आहे. उचित वेळी पटलावर ठेवण्यात येईल." बसले. एवढंच. कोपऱ्यावरून भाजी आणायलाही जास्त वेळ लागतो. पुढचा प्रश्न पुकारला गेला आणि तेवढ्यात खालच्या सगळ्यांच्या माना वर गेल्या. एक अस्पष्ट आवाज आला, बाईचा. त्याच क्षणी पडद्यावर अध्यक्ष आले. "शांत राहा. मार्शल, त्यांना बाहेर न्या. हे काहीही नोंदीवर जाणार नाही." मागे तो आवाज चालूच होता, पण माइक अध्यक्षांचाच असल्यामुळे एक शब्द कळत नव्हता. मी अध्यक्षांचा चष्मा, त्यांच्या पाण्याच्या पेल्यावरची झाकणी, त्यांच्या खुर्चीची पाठ बघत राहिले. मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर माझी आई होती.

ती घरी आली तेव्हा तिच्या हातावर वळ होते. चप्पलही न काढता तिनं विचारलं, "दाखवलं?"

"नाही. अध्यक्ष दाखवले."

"ऐकू आलं काही?"

मी नकारार्थी मान हलवली. ती खुर्चीवर बसली, आणि मामा येईपर्यंत तशीच बसून राहिली. तो दारात दिसल्याबरोबर म्हणाली, "तू माझ्यासमोर होतास. मला दिसत होतास तू. तुझ्या हातात कॅमेरा होता." मामा खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. त्या नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला. "त्याच्यासाठी एवढं तरी करायचं होतंस," आई म्हणाली, आणि तिचं त्याच्याशी बोलणं तिथं संपलं.

काय बोललीस, असं मी तिला एकदा विचारलं. ती उठून आत गेली. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

थोड्याच दिवसांत मामाचे काळे शर्ट दोरीवर दिसेनासे झाले. साध्या कपड्यांत, साध्या चपलांत जायला लागला आणि अधिवेशनातही वेळेवर घरी यायला लागला. आता तळघरात जुन्या टेपा सांभाळायचं काम आहे, असं त्यानं मला सांगितलं. "स्वतःच मागून घेतलं असेल. लाज वाटली असेल," आई मला म्हणाली, म्हणजे त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. तो जेवत होता. जेवत राहिला. तिनं त्याचं ताट कधी चुकवलं नाही, तो आजारी पडला की औषध माझ्या हाती वर पाठवलं, त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं शिवून दिली. फक्त बोलली नाही. वर्षं गेली. सरकारं बदलली, मंत्री बदलले, अहवाल विचाराधीनच राहिला. आई एकही अधिवेशन चुकवायची नाही. भाजी निवडायची ती टीव्हीसमोर. आणि घरात भांडण झालं तरी 'अध्यक्षांवर घ्या' असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मामा निवृत्त झाला आणि त्याच्या हृदयानं दगा दिला. जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्याची खाट खालच्या खोलीत आली. एका दुपारी त्याच्यासोबत काम केलेल्या एक बाई बघायला आल्या. वाहिनीत सगळे त्यांना 'बटणबाई' म्हणत, कारण कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र लोकांना दिसणार त्याचं बटण त्या दाबायच्या. बिस्किटांचा पुडा ठेवला, मामाची चौकशी केली, आणि आईकडे बघत राहिल्या.

"तुम्हीच ना त्या ताई? तुमचा चेहरा मी विसरलेच नाही."

"तुम्ही होतात गॅलरीत?" आईनं कोरडेपणानं विचारलं.

"छे हो, मी कंट्रोल रूममध्ये. मी तुम्हाला ह्यांच्या कॅमेऱ्यातून बघत होते."

आईला कळेना. मलाही कळेना. पडद्यावर अध्यक्ष आले म्हणजे मामानंच कॅमेरा वळवला, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. बटणबाईंनी समजावून सांगितलं. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र त्यांच्या खोलीतल्या एकेका छोट्या पडद्यावर दिसतं. त्यातलं एक शेजारी बसलेले साहेब निवडतात, त्या बटण दाबतात, आणि तेच घरोघरी जातं. "तुमचा आवाज आला आणि ह्यांनी कॅमेरा सरळ वर उचलला, तुमच्यावर. साहेब किंचाळले, अध्यक्षांवर जा! मी दुसऱ्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. काय करणार? पण ह्यांनी काढला नाही हो. साहेब हेडफोनवरून ह्यांच्या कानात ओरडतायत, 'खांब, फिरव! नोकरी घालवशील!' आणि हे ढिम्म. तुम्हाला दारातून बाहेर नेईपर्यंत तुम्ही आमच्या त्या छोट्या पडद्यावर होतात. त्यावरूनच तर ह्यांना तळघरात घातलं." मग त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मामा भिंतीकडे बघत होता. बाई घाईघाईनं चहा संपवून गेल्या.

आई खाटेच्या कडेला बसली. माझ्याकडे वळली, "ह्याला विचार..." म्हणाली, आणि थांबली. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं? दाखवलं तर नाहीच ना," मामा म्हणाला. "कॅमेऱ्यावर एक लाल दिवा असतो. चित्र बाहेर जात असलं की लागतो. तो विझलेलाच होता. मला दिसत होतं, कुठं जात नाहीये म्हणून."

"मग कशाला ठेवलास?"

"तू माझ्याकडे बघत होतीस."

आईनं पदर तोंडाशी धरला. मामा आता थांबेना. इतक्या वर्षांचं साचलं होतं. "तुझ्या खांद्याची पिन सुटली होती. तू कठड्याला घट्ट धरलं होतंस आणि ती मार्शल बाई तुझं एकेक बोट सोडवत होती. शेवटी करंगळी राहिली होती." आई स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. एकाच घरात, एकाच पातेल्यातली भाजी वाढून घेत, ह्या दोघांनी आपली सगळी वर्षं अशी घालवली आणि मी मूर्खासारखी मधे बसून भाताचे निरोप पोचवत राहिले.

"ऐकलंस का मी काय म्हणाले ते?" आईनं विचारलं.

"नाही गं. कानात साहेब होते. नुसते ओठ दिसले. विचारायचं होतं, पण तू बोलत नव्हतीस."

आई जराशी सरळ बसली. तिनं खांद्यावरचा पदर नीट केला, जणू आता कुणी बघणार आहे.

"मी म्हटलं, माझ्या मुलानं शेवटच्या फोनवर मला सांगितलं होतं, आई, छताची माती खाटेवर पडते. मी म्हटलं, मग खाट भिंतीकडे सरकव. त्यानं सरकवली. भिंतीकडचंच छत खाली आलं. मधल्या खाटेवरचा मुलगा वाचला." ती थांबली. मग पुढचं सांगितलं. "मी म्हटलं, ही माझी चूक. सगळ्यांसमोर सांगते. मी माझी सांगितली, आता तुम्ही तुमची सांगा."

मामानं तिच्यावरची नजर काढली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. दादाच्या त्या फोनबद्दल मला काही माहीत नव्हतं. तिनं हे फक्त एकदाच बोलून दाखवलं होतं, सरकारपुढे, आणि ते नोंदीवर घेतलंच नव्हतं.

त्यानंतर मामा जेमतेम त्या ऋतूपुरता होता. ती त्याला स्वतः भरवायची, आणि दोघं दादाबद्दल बोलायची. तो गेला तेव्हाही अहवाल विचाराधीनच होता.

आई अजून अधिवेशन बघते. मधेच खाली सगळ्यांच्या माना वर जातात आणि पडद्यावर नुसते अध्यक्ष येतात. तेव्हा ती हातातली भाजी खाली ठेवते, टीव्हीचा आवाज मोठा करते आणि कान देऊन बसते. ऐकू काही येत नाही. "वर कुणीतरी बोलतंय गं," ती म्हणते. "कोण असेल बिचारं."