मागची बाजू दाखवा

बाटली हातात दिली की बाई तिच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. मनगटाला एक झटका द्यायच्या, बाटलीची पाठ समोर यायची, चष्मा कपाळावर जायचा आणि बाटली नाकाला टेकेल इतकी जवळ यायची. एखादी बाटली मी कपाटातून काढत असलो तर आधीच सांगायच्या, "मागची बाजू दाखवा. पुढून सगळेच बरे दिसतात."

असं बोलताना त्या माझ्याकडेही बघायच्या. मी टाय लावलेला असायचा.

आमचं दुकान कोथरूडात. पुण्यातली अशी दुकानं तुम्ही पाहिली असतीलच. पाटीवर मोठ्या अक्षरात 'वाईन शॉप', आणि आत सगळी व्हिस्की, रम, बिअर. वाईन बिचारी एका कोपऱ्यात, पाहुणी आल्यासारखी. त्या कोपऱ्याचा प्रमुख मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूसही मीच. वाशीमकडून आलेलं कुटुंब, वडील खडकीला कारखान्यात, आणि मी बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी सगळीकडे सांगतो, म्हणून इथेही सांगितलं.

बाई पहिल्यांदा आल्या त्या ऐन संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, सत्तरीच्या पुढचं वय. मला वाटलं पत्ता चुकल्या, शेजारी औषधांचं दुकान आहे. पण त्या सरळ काउंटरला आल्या आणि म्हणाल्या, "दारू विकत घ्यायला परवाना लागतो ना? मग द्या."

काउंटरवरचे आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. परवाना असा आपण होऊन कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. खणात तळाशी पुस्तक सापडलं, त्यावरची धूळ मी फुंकली ती बाईंच्या चष्म्यावर गेली. त्यांनी चष्मा पुसला, परवाना पूर्ण वाचला, त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि सही केली.

"आता नैसर्गिक वाईन दाखवा."

मी माझं नेहमीचं सुरू केलं. "मॅडम, ही शंभर टक्के नॅचरल..."

"बाई म्हणा. मॅडम कोणालाही म्हणतात. आणि शंभर टक्के नैसर्गिक तर विंचूही असतो. व्याख्या सांगा."

व्याख्या मला येत नव्हती. फर्स्ट क्लास तिथेच गळून पडला.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की दुकान रिकामं झालंय. म्हणजे माणसं होती, पण दिसत नव्हती. एक गृहस्थ बिअरच्या खोक्यांमागे बसले होते. दुसरे खांबाकडे तोंड करून उभे होते. तिसऱ्यांनी हेल्मेट परत घातलं होतं. बाईंनी मान वळवलीसुद्धा नाही.

"खोक्यामागचा, ऊठ. गुडघे दुखतील. टक्कल दिसतंय तुझं, वडिलांचंही असंच होतं."

ते गृहस्थ उठले. बँकेत मोठे अधिकारी आहेत. हात मागे बांधून म्हणाले, "नमस्कार बाई. मी... पाहुण्यांसाठी..."

"मी विचारलं का?"

तेव्हा उलगडा झाला. बाई जवळच्याच शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत होत्या आणि अर्धं कोथरूड त्यांच्या हाताखालून गेलं होतं. आमचे शेठही. शेठ एरवी गल्ल्यावर बसतात, पोटावर शर्ट मोकळा सोडून. त्या संध्याकाळी ते आतल्या खोलीत गेले आणि बाई गेल्यावरच बाहेर आले.

बाई दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आल्या. तिसऱ्या दिवशीही. शेठनी मला आत बोलावलं. "धंदा बसेल रे. लोक बाहेरूनच बघून परत जातात. त्यांना सांग, सकाळी या म्हणून."

"तुम्हीच सांगा ना, शेठ."

"मी?" शेठ म्हणाले. "मला अजून त्रैराशिक येत नाही."

मग मीच सांगितलं. "बाई, सकाळी आलात तर निवांत बोलता येईल."

"का? संध्याकाळी वाईन संपते?" त्या म्हणाल्या. पण मग पिशवी काउंटरवर ठेवून जरा खालच्या आवाजात विचारलं, "शिक्षण काय तुमचं?"

मी सांगितलं. घरात पहिलाच, हेही सांगितलं.

"मग यीस्ट हा तुमचाच विषय. टाय लावून असे चोरासारखे का उभे राहता?" आणि थोडं थांबून म्हणाल्या, "ऐका. माझी मुलगी वाईन करते."

मुलगी हिंजवडीतली नोकरी सोडून नाशिकच्या पलीकडे गेली होती. मैत्रिणीबरोबर थोडी द्राक्षं लावली, रसायनं न घालता वाढवली आणि त्यांची वाईन केली. पहिली बाटली ती आईसाठी घेऊन आली. बाईंनी ती उजेडात धरली. गढूळ, तळाला गाळ. "नासलीय ही," असं म्हणून बाईंनी ती तिच्यासमोर मोरीत ओतली. मुलगी तशीच निघून गेली. त्याला दोन वर्षं झाली होती. सणावाराला फोन यायचा, तब्येत विचारायची, ठेवायची.

"आता गौरींना येते म्हणालीय. त्याआधी मला एवढंच ठरवायचंय, की ती बाटली नासली होती की मी चुकले. नासली असेल तर माझा प्रश्न मिटला. नसेल तर माफी मागावी लागेल." मग ताठ होऊन म्हणाल्या, "मला वाटतं नासलीच होती. पण वाटून चालत नाही."

त्या दिवसापासून सकाळी अकराला आमचा वर्ग भरू लागला. फक्त कोण कोणाला शिकवतंय हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मी घरी जाऊन वाचायचो, सकाळी सांगायचो आणि बाई त्याला भोकं पाडायच्या.

"सेंद्रिय म्हणजे द्राक्षं कशी वाढवली ते," मी म्हणालो. "नैसर्गिक म्हणजे रस काढल्यावर त्यात काय काय घातलं नाही ते. रस आंबवायला द्राक्षाच्या सालीवरचंच यीस्ट वापरायचं, बाहेरचं नाही. शाश्वत म्हणजे पाणी, वीज, माती, मजूर, सगळ्याचा विचार."

"दाखला कोणाला मिळतो?"

"सेंद्रियला मिळतो. नैसर्गिकला बहुतेक ठिकाणी नाही, करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास. आणि शाश्वतला वेगवेगळ्या संस्था आपापल्या नियमांनी देतात."

"म्हणजे एकाकडे दाखला, एकाकडे शब्द आणि एकाची प्रगती समाधानकारक. दर वर्गात अशी तीन मुलं असतात." बाटली फिरली. "ही सेंद्रिय म्हणता, आणि मागे सल्फाइट लिहिलंय. पकडली!"

"द्राक्षं सेंद्रियच आहेत, बाई. वाईन टिकावी म्हणून सल्फाइट थोडं घालतात. आणि नाही घातलं तरी यीस्ट स्वतः थोडं तयार करतंच."

"असं होय." पकडलेला चोर सुटल्यासारख्या त्या हिरमुसल्या. "आणि या बाटलीवर हिरवं पान कशाला?"

"ते... छान दिसतं."

"पान छापलं म्हणजे शेतकऱ्याने फवारणी बंद केली असं नाही."

शेठनी हौसेने वाईनच्या कोपऱ्याला 'ग्रीन कॉर्नर' अशी पाटी लावून वर द्राक्षाचा वेल सोडला होता. बाईंनी त्याचं पान चिमटीत धरलं. "प्लास्टिक," म्हणाल्या. खिडकीत ऊन खात उभ्या असलेल्या बाटल्या बघून तर त्या भडकल्याच. "हिच्यात टिकवायला काही घातलेलं नाही म्हणता आणि हिलाच उन्हात उभी करता? शिक्षा आहे का?" त्या दिवशी नैसर्गिक वाईन सावलीत आली. वेल आपोआप कुठेतरी गेला. जड तळाची बाटली तोलून एकदा म्हणाल्या, "एवढी काच कशाला? ट्रकला ओझं. ही शाश्वत म्हणे! आमच्याकडे खडकवासला भरून वाहतंय तरी पाणी एक तास, आणि हे काच वाहतायत."

शेवटी त्यांनी दुकानातली सगळ्यात गढूळ बाटली विकत घेतली. दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच शटरपाशी उभ्या.

"गाळली," त्या म्हणाल्या. "चक्क्याच्या फडक्यातून. दोनदा. तरी गढूळच. फसवलंत."

"बाई, वाईन गाळायची नसते हो!"

"फडकं स्वच्छ होतं."

"तसं नाही. वास कसा होता?"

बाई प्रामाणिक होत्या. "चांगला होता. कैरीच्या सालीसारखा."

"चव?"

"जिभेला लावली. वाईट म्हणता येणार नाही."

"मग ती नासलेली नाही. यीस्टचा गाळ मुद्दामच राहू दिलेला असतो. गढूळ असणं हा दोष नाही. नासली तर वासात कळतं, चवीत कळतं. व्हिनेगरसारखी होते." आणि मग मी जे विचारायला हवं होतं तेच विचारलं. "तुमच्या मुलीच्या बाटलीला वास कसला होता?"

बाई बिअरच्या एका खोक्यावर हळूच टेकल्या. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला, मग काढूनच टाकला.

"वास घेतलाच नव्हता मी," त्या म्हणाल्या. "रंग बघितला आणि ओतली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "सगळा जन्म मुलांचे पेपर तपासले. आणि घरचा पेपर न वाचता शून्य दिला रे."

पहिल्यांदाच त्या मला 'रे' म्हणाल्या.

उठल्या त्या मात्र ठरवूनच उठल्या. "तिची वाईन मला टेबलावर ठेवायचीय. मागव."

शेठ आतून ओरडले, "एक बाटली कोणी पाठवत नाही! खोकं घ्यावं लागतं! गढूळ वाईन पुण्यात कोण घेणार?"

"आत कोण आहे?" बाई म्हणाल्या. "बाहेर ये म्हणावं. गृहपाठ तपासायचा नाहीये."

शेठ बाहेर आले. मी पाहिलं, येता येता ते घाईघाईने शर्ट खोचत होते. साठीला आलेला माणूस, तीन दुकानांचा मालक. म्हणाले, "मागवतो, बाई."

खोकं आलं. बाईंनी पहिली बाटली काढली, फिरवली. मागे मुलीच्या द्राक्षबागेचं नाव आणि गावाचा पत्ता होता. ते त्या फार वेळ वाचत बसल्या. मग एक बाटली पिशवीत टाकली आणि शेठना म्हणाल्या, "उरलेल्यांची काळजी करू नकोस. मी संध्याकाळी येते."

ती संध्याकाळ बघायला तुम्ही हवे होता. बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या. बँकवाले गृहस्थ आले, वळून पळणार तोच हाक आली. "ये. हे घे. आधी वास घ्यायचा, मग मत द्यायचं. उन्हात ठेवायची नाही. गाळायची तर मुळीच नाही." गृहस्थांनी व्हिस्कीकडे एकदा केविलवाणं बघितलं आणि मुकाट्याने पैसे दिले. हेल्मेटवाल्याला हेल्मेटसकट ओळखलं. खोकं संपलं. आमच्या दुकानात एखादी वाईन एवढ्या भराभर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि एवढ्या भीतीने तर नाहीच.

गौरी गेल्यावर बाई आल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "जेवायला बसलो. मी बाटली ठेवली. तिने आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्याकडे ते ग्लास नाहीत, म्हणून फुलपात्रात ओतली. प्यायले. म्हटलं, आंबट आहे पण बरी आहे. आणि त्या वेळी मी तुझी बाटली वास न घेता ओतली, ते चुकलं माझं."

"मग?"

"मग ती हसायलाच लागली. रडतही होती. म्हणाली, आई, ती खरंच नासली होती. सगळीच नासली होती त्या वर्षी. घरी गेल्यावर कळलं मला. पण तू बरोबर होतीस हे तुला सांगायचं म्हणजे..." बाईंनी नाक पुसलं. "माझ्यावरच गेलीय."

"म्हणजे तुम्हीच बरोबर होता, बाई!"

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून असं बघितलं की मी टाय सारखा केला. "उत्तर बरोबर, रीत चूक. अर्धे मार्क. आणि अर्धे तिला, नापास झाल्यावर परत परीक्षेला बसली म्हणून."

पुढच्या उन्हाळ्यात बाई कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन मुलीकडे राहायला गेल्या. जाताना मला भेटायला आल्या होत्या. माझ्या टायला हात लावून म्हणाल्या, "हा असू दे. पण मान ताठ ठेव. घरातला पहिला आहेस ना तू?" त्यानंतर अकराचा वर्ग बंद. संध्याकाळी लोक पुन्हा बिनधास्त येतात, मोठ्याने बोलतात. तरी बँकवाले गृहस्थ आत शिरताना आधी दारातल्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि मग मला विचारतात, "नाही ना येत हल्ली?" सुटल्यासारखं विचारतात की चुकल्याचुकल्यासारखं, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा मुलीच्या बागेतलं या हंगामाचं खोकं आलं. शेठ गल्ल्यावर होते, शर्ट नेहमीसारखा मोकळा. बाटली पुढून साधीच, पान नाही, फूल नाही. शेठनी ती हातात घेतली आणि सवय लागल्यासारखी फिरवली. मागे नवा मजकूर होता, मराठीत:

"ही वाईन गढूळ आहे, नासलेली नाही. द्राक्षे सेंद्रिय आहेत, त्याचा दाखला आहे. बाकी आमचा शब्द आहे. आधी वास घ्यावा, मग मत द्यावे. गाळू नये. उन्हात उभी करू नये."

शेठनी ते एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. बाटली त्यांनी दोन्ही हातांनी सावकाश काउंटरवर ठेवली, खुर्चीतून उठले, आणि दुकानात माझ्याशिवाय कोणी नसताना त्यांनी शर्ट खोचला.